मुलाच्या गेमसाठी 1,499 चा फायबर प्लॅन घ्यावा का?

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाची बारावी झाली. 'व्हॅलोरंट' खेळायला 300 एमबीपीएसचा, महिना 1,499 रुपयांचा प्लॅन हवा आणि वर्षाचे पैसे एकदम भरा, असा त्याचा आग्रह आहे. सध्या तीन मोबाइलचं रिचार्ज दर 28 दिवसांनी 1,050 रुपये, शिवाय त्याचे डेटा टॉप-अप महिन्याला तीनशे.

ताई, कनेक्शन जरूर घ्या, पण 399 वालं, 30 एमबीपीएसचं.

प्रत्यक्ष खेळताना डेटा फारसा जात नाही, तासभर एचडी व्हिडिओ बघण्यापेक्षा कमीच. डेटा खातात ते डाउनलोड आणि अपडेट. मोबाइल पॅकचा रोजचा दोन जीबी त्याला पुरणारच नाही, त्यामुळे मुलाची मागणी खोटी नाही. 40 जीबीचा गेम 30 एमबीपीएसवर उतरायला तीन तास लागतात. रात्री लावला की सकाळी तयार. खेळताना लागतो तो कमी, स्थिर पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. 30 चे 300 केले म्हणून तो सुधारेलच असं नाही. त्यापेक्षा राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबल ओढून द्या.

दोन्ही प्लॅनवर 18 टक्के जीएसटी धरला तर वर्षाचा फरक 15,576 रुपये होतो. प्रवेशाच्या वर्षी ही रक्कम लहान नाही.

आता मोबाइल. 28 दिवसांचं रिचार्ज वर्षात बारा नाही, तेरा वेळा करावं लागतं. फायबरचे वर्षाला साधारण 5,650 रुपये होतील. टॉप-अप बंद झाले की 3,600 तिथेच सुटले. उरलेल्या 2,050 साठी तिन्ही मोबाइल मिळून दर रिचार्जला 160 रुपये कमी करायचे. हे मात्र त्याच आठवड्यात करा. बहुतेक घरांत वायफाय येतं आणि मोबाइलचे मोठे पॅक तसेच चालू राहतात. जो फोन घराबाहेर फारसा जात नाही, त्याला 2025 पासून मिळणारा फक्त कॉल-एसएमएसचा पॅक बघा.

वर्षाचे पैसे आगाऊ अजिबात भरू नका. मुलगा दोन महिन्यांत पुण्याला हॉस्टेलवर गेला, तर ते कनेक्शन कोण वापरणार? महिन्या-महिन्याने भरा. आणि कनेक्शन घेण्याआधी तुमच्या गल्लीत ज्यांच्याकडे ते आहे, त्यांना रात्री नऊ वाजता नेट कसं चालतं ते विचारा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मला तिची जास्त काळजी वाटते: गेममधली खरेदी. बंदुकीच्या एकेका स्किनचे, म्हणजे नुसत्या दिखाऊ रंगरूपाचे, पैसे प्लॅनच्या बिलापेक्षा जास्त होऊ शकतात. तुमचा यूपीआय पिन त्याला देऊ नका. महिन्याची रक्कम दोघांनी बसून ठरवा आणि त्याच्या स्वतःच्या खात्यात तेवढीच टाका.