ईस्टरला इंग्रजीच्या वर्गात कोणते खेळ घ्यावेत? ससे रंगवू नका, अंडं लपवा

तुम्ही विचारलंय की मराठी माध्यमात तिसरी-चौथीला इंग्रजी शिकवता, ईस्टरच्या निमित्ताने चार-पाच खेळ हवेत, खर्च नको आणि मुलांचं इंग्रजी सुधारायला हवं. चार-पाच खेळ मी देऊ शकणार नाही. एकच सांगते, पण तो मी वर्षानुवर्षं घेतला आहे आणि त्यावरून भांडलेही आहे.

मी वसईची, ख्रिस्ती, आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा आमच्यासारख्या, स्वतः पाचवीत एबीसीडी शिकलेल्या बायकांच्या हातात ते वर्ग आले. त्यामुळे बोलायला घाबरणारं मूल कसं दिसतं हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

आधी काय करू नका ते सांगते. नेटवर ईस्टर म्हणून शोधलं की सशाची चित्रं मिळतात, रंगवायला. ती मुळीच छापू नका. अर्धा तास मूल गुलाबी खडू घासतं आणि शेजारच्याशी मराठीत बोलतं, त्यात इंग्रजीचा एक शब्द येत नाही. शिवाय तो ससा आपला नाहीच. जर्मनीत ससा अंडी आणतो, तिथल्या लोकांनी ही कल्पना अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात नेली आणि तिथून ती सगळीकडे गेली. फ्रान्समध्ये तर रोमहून परतणाऱ्या चर्चच्या घंटा अंडी टाकून जातात. आमच्या वसईत ससाही नाही आणि घंटाही अंडी आणत नाहीत. आमच्याकडे आदल्या रविवारच्या झावळ्या असतात, शनिवारी रात्री पेटवलेली पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती असते आणि मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेच्या मिठाईची, साच्यातली अंडी असतात. अंडं मात्र सगळीकडे आहे, कारण पूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्या घालायच्या थांबत नाहीत, त्यामुळे सणापर्यंत घरात अंडी साठलेली असायची. मुलांना हे मराठीतच सांगा, दोन मिनिटांत. तेवढ्यासाठी इंग्रजी ताणू नका.

आता खेळ. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची अंडी कापा, पैसा लागत नाही. एका मुलाला बाहेर व्हरांड्यात पाठवा. बाकीच्यांनी एक अंडं वर्गात लपवायचं. मूल आत आलं की त्याने शोधायचं नाही, विचारायचं: 'इज इट अंडर द टेबल?' 'इज इट बिहाइंड द डोअर?' वर्गाने एका सुरात 'नो, इट इजन्ट' किंवा 'येस, इट इज' म्हणायचं. सहा प्रश्न मिळतात. मराठीत विचारलं तर वर्गाने तोंड मिटून बसायचं. अंडर, ऑन, इन, बिहाइंड, निअर हे शब्द पहिल्या दोन फेऱ्यांपुरते फळ्यावर ठेवा आणि मग पुसा.

यातली मेख एवढीच की तोंड उघडल्याशिवाय अंडं मिळत नाही. लोक अंडी लपवतात आणि मुलांना मोकळं सोडतात. मुलं मुकाट्याने धावतात, दांडगी मुलं सगळी गोळा करतात आणि बाई म्हणतात, छान ॲक्टिव्हिटी झाली.

2015 साली ईस्टर 5 एप्रिलला होता. सोमवारी शाळा भरली, माझ्याकडे चौथी होती, पट 52. निम्म्या मुलांच्या डब्यात आदल्या दिवसाचं गोडधोड होतं, वार्षिक परीक्षा समोर होती, अभ्यासात कोणाचंच लक्ष नव्हतं. मी हा खेळ काढला. चौथ्या का पाचव्या फेरीला मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या घरी वारली बोलत, वडील मिठागरावर कामाला. शाळेतली मराठीसुद्धा त्याला बाहेरची होती, आणि इंग्रजीच्या तासाला वर्षभरात त्याने हजेरीच्या 'प्रेझेंट'पलीकडे काही म्हटलं नव्हतं. तो बाहेर गेला. मुलांनी अंडं माझ्या खुर्चीला लटकवलेल्या पर्समध्ये टाकलं.

आत आल्यावर त्याने पाच प्रश्न बरोबर विचारले. टेबल, डबा, खिडकी, फळा, दप्तर. पाचही वेळा 'नो'. मग तो थांबला. कोणाच्या तरी नजरेवरून त्याला कळलं असावं. पर्सकडे बघून हळू म्हणाला, 'इज इट इन टीचर पर्स?'

ते वाक्य फळ्यावर नव्हतं, पुस्तकात नव्हतं. त्याने ते स्वतः जुळवलं होतं. 52 मुलांचा वर्ग 'येस, इट इज!' म्हणून असा ओरडला की शेजारच्या वर्गाचा तास थांबला असेल. आणि तेवढ्यात दारातून आवाज आला: 'टीचर्स पर्स. आधी नीट बोलायला शिका, मग खेळा.' आमच्या पर्यवेक्षिका बाई होत्या. गोंगाट ऐकून आल्या होत्या.

त्या मुलाने पर्समधलं अंडं काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसला. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, त्यांच्या समोर, तेव्हाच.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वाद झाला. त्यांचं म्हणणं होतं की एकाने चुकीचं म्हटलं की 51 जणांच्या कानात चूक बसते. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, आज देते. मुलाने 'टीचर पर्स' म्हटलं की बाईंनी हसून म्हणायचं, 'येस, इट इज इन टीचर्स पर्स!' बरोबर रूप सगळ्यांच्या कानावर गेलं, आणि त्याची फजिती झाली नाही. आपण आपल्या बाळाला बोलायला असंच शिकवतो. 'ताता पाई' म्हटलं की 'हो, काकाची गाडी आली' म्हणतो, त्याला उभं करून उच्चार घोटवत नाही. दुसऱ्या भाषेला वेगळा न्याय का लावायचा?

परीक्षेपर्यंत मी त्या मुलाला तीनदा बाहेर जायला सांगून पाहिलं. 'नको बाई' म्हणाला. पण एकदा मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून पाहिलं तर मैदानाच्या कडेला चार-पाच पोरं एक चिंचोका लपवून तोच खेळ खेळत होती. 'इज इट इन खिसा?' 'नो, इट इजन्ट!' त्यात तोही होता आणि त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. मी तिथे गेले नाही.

पुढच्या वर्षी वरून सांगण्यात आलं की ईस्टरचं काहीतरी फलकावर लागलं पाहिजे. ससे रंगवून घेतले. फलक भरला, पाहुण्यांनी फोटो काढले. फलकासमोर उभं राहून मी एका मुलीला 'व्हॉट इज धिस?' विचारलं तर ती 'पिंक' म्हणाली.

तुम्हाला रंगकाम हवंच असेल तर ते बोलण्याला बांधा. दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात नक्षी काढलेलं अंडं, दुसऱ्याकडे कोरं. पहिल्याने सांगायचं, 'ड्रॉ थ्री ब्लू डॉट्स', दुसऱ्याने न बघता काढायचं, शेवटी दोन्ही अंडी शेजारी ठेवायची. लिंबू-चमच्याच्या जागी अंडं-चमचा ही शर्यत मजेची आहे पण इंग्रजीचा तास त्यात घालवू नका. अर्ध्या अंड्यांवर विरुद्धार्थी शब्द लिहून जोड्या लावायला देतात, तेही चालेल, फक्त सगळी अंडी सरळ रेषेत कापा. नागमोडी कापली की मुलं शब्द न वाचता कडा जुळवतात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. चुका सुधारायच्याच नाहीत असं मी म्हणत नाही. वहीत लाल पेन चालवा, दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'टीचर्स पर्स', 'राजूज बॅग' घ्या. फक्त खेळ चालू असताना नको. वर्गात मार्झिपान वाटणार असाल तर त्यात बऱ्याच घरी अंड्याचा पांढरा भाग घालतात, काजू तर असतातच, तेव्हा पालकांना आधी विचारा. ख्रिस्ती नसलेल्या वस्तीत शाळा असेल तर मुख्याध्यापकांना कल्पना द्या, आणि हाच खेळ संक्रांतीला कागदी पतंग लपवून घ्या, म्हणजे कोणाला शंका येणार नाही. 70-80 चा पट असेल तर दोन गट करा, नाहीतर मागची मुलं झोपतात.

ईस्टर दरवर्षी हलतो, 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. 2027 मध्ये तो 28 मार्चला आहे, म्हणजे तुम्हाला परीक्षेआधी सवड मिळेल. पहिल्या फेरीला वर्गातल्या हुशार मुलाला बाहेर पाठवू नका, मधल्या कोणाला तरी पाठवा. गप्प मूल स्वतः हात वर करेपर्यंत थांबा. शेजारच्या वर्गाच्या बाईंना आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवा. आणि खेळ चालू असताना दार आतून लावून घ्या.