ब्रुनेईचं 'बंदर' आणि आपलं बंदर

ब्रुनेईच्या राजधानीचं नाव बंदर सेरी बेगवान आहे, तर त्यातलं बंदर आणि आपलं जहाजांचं बंदर एकच का, की नुसता योगायोग, असा प्रश्न आलाय. एकच आहे हो. आणि माकडाचा विषय आधीच संपवून टाकतो, हिंदीतलं माकडवालं बंदर हे संस्कृत वानर वरून आलंय, त्याचं याच्याशी काहीच नातं नाही.

आपलं बंदर फारसीतून आलं. इराणमधे बंदर अब्बास आहेच, शाह अब्बासच्या नावावरनं. फारसीत 'बंद' म्हणजे बांध, अडवणं, आणि हे आपल्या बंध-बांधणे च्या सख्ख्या कुळातलं, म्हणजे शब्द बाहेरून आला तरी धातू घरचाच निघाला. हिंदी-उर्दूवाले त्याला गाह (जागा) जोडून बंदरगाह म्हणतात, आपण ते शेपूट लावलं नाही. तेलुगू लोक तर मच्छलीपट्टणमला सरळ बंदर च म्हणतात, गावाचं नावच ते.

पुढे हा शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर मलायापर्यंत गेला, आणि खरी मजा तिथे आहे. १५११ मधे पोर्तुगीजांनी घेण्याआधी मलाक्का एवढं गजबजलेलं होतं की तिथे चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे मुख्य अधिकारी असायचे, वेगवेगळ्या देशांच्या व्यापाऱ्यांसाठी वेगवेगळे, आणि त्यातला एक फक्त गुजरात्यांसाठी! इंडोनेशियात बंदराच्या अधिकाऱ्याला आजही स्याहबंदार म्हणतात, सरकारी हुद्दा आहे तो.

पण नुसत्या बंदार चा अर्थ तिकडे घसरत गेला. मलायात मोठी गावं बहुतेक धक्क्याच्या आसपासच वाढली त्यामुळे असेल, पण मलयमधे आज बंदार म्हणजे शहर, मग समुद्र जवळ असो नसो. खऱ्या बंदराला ते पलाबुहान म्हणतात. इंडोनेशियनमधे विमानतळाला बंदारा म्हणतात, बंदार उदारा (उदारा म्हणजे हवा) चं ते छोटं रूप, म्हणजे तिथे जुना अर्थ शाबूत आहे. पण त्याच भाषेत बंदार म्हणजे जुगाराचा अड्डा चालवणारा किंवा ड्रग्जचा मोठा डीलर पण होतो, त्यामुळे तिथल्या बातम्या वाचताना आपला मराठी अर्थ लावत बसू नका.

आता राजधानीचं उरलेलं नाव. सेरी म्हणजे श्री, बेगवान म्हणजे भगवान, दोन्ही संस्कृतातनं गेलेले. तिथले सुलतान ओमर अली सैफुद्दीन यांनी १९६७ ला गादी सोडल्यावर सेरी बेगवान ही पदवी घेतली आणि १९७० मधे त्यांच्या मानार्थ शहराला हे नाव दिलं. म्हणजे एका मुस्लिम सुलतानाच्या राजधानीचं नाव अर्धं फारसी आणि अर्धं संस्कृत, आणि आपल्या कानाला ते चक्क 'बंदर श्री भगवान' ऐकू येतं.