पॅच पोचला, पण एक दिवस उशिरा

या महिन्यात या सदराच्या प्रश्नपेटीत संरक्षणखात्याच्या सॉफ्टवेअरवरचे प्रश्न इतके आले की बाकीचे (वायफाय स्लो, फोन तापतो, जावयाने दिलेला लॅपटॉप चालू होत नाही) पुढच्या अंकात घेते. नावं मुद्दाम देत नाहीये, दोघांनी तशी विनंतीच केलीये.

प्रश्न: मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फोनमधली ॲप्स दर आठवड्याला अपडेट होतात आणि दर दोन महिन्यांनी त्यात काहीतरी बिघडतं. आता सैन्याचं सॉफ्टवेअर पण असंच सारखं बदलायचं म्हणतायत, डेव्हसेकऑप्स (सॉफ्टवेअर बनवणं, त्याची सुरक्षा आणि ते चालवणं हे सगळं एकत्र) वगैरे. क्षेपणास्त्राचं सॉफ्टवेअर एकदा नीट टेस्ट करून मग त्याला हातच न लावलेला बरा नाही का?
(छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: अरे, मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. मी टेस्टिंगमध्ये होते, रिलीज म्हटलं की पोटात गोळा यायचा, चालतंय ना मग राहू दे, हाच आमचा धर्म. पण तू नेमकं क्षेपणास्त्राचंच नाव काढलंस म्हणून पेट्रियटची गोष्ट सांगते.

१९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं दाहरान. इराकची स्कड क्षेपणास्त्रं हवेतच पाडायला अमेरिकेने पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या तुकड्या लावल्या होत्या. पेट्रियटचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने वेळ मोजायचं, आणि ०.१ हा आकडा बायनरीत (कॉम्प्युटरच्या ०-१ च्या मोजणीत) कधी संपतच नाही, आपल्याकडे १ भागिले ३ केलं की ०.३३३ चालूच राहतं ना तसं. आकडा ठेवायचं रजिस्टर २४ बिटांचं, म्हणजे पुढचं शेपूट कापलं जायचं. चूक इतकी बारीक की मशीन दोन-चार तास चालवून बंद केलं तर कुणाला कळणारही नाही, आणि ते मुळात तसंच वापरायचं होतं, थोडा वेळ लावायचं, मग उचलून दुसरीकडे न्यायचं. दाहरानला मात्र ते सलग १०० तासांच्या वर चालू होतं. तोवर घड्याळ साधारण ०.३४ सेकंद चुकलेलं. स्कड तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं, त्यामुळे रडार ते शोधत होतं भलत्याच जागी, आणि तिथे काहीच नाही म्हटल्यावर सिस्टीम गप्प बसली. २५ फेब्रुवारीला स्कड बराकीवर पडलं, २८ सैनिक गेले.

आता खरी गोष्ट पुढे आहे. ही चूक माहीत होती! इस्रायलने ११ फेब्रुवारीलाच आकडे दिले होते की ८ तासांतच नेम सरकायला लागतो. १६ तारखेला दुरुस्त सॉफ्टवेअर, म्हणजे पॅच, तयार. २१ तारखेला संदेश गेला की सिस्टीम फार वेळ सलग चालवली तर अडचण येऊ शकते, पण फार वेळ म्हणजे किती हे त्यात कुणी लिहिलंच नाही (मिनिट-दीड मिनिटात रीबूट झालं असतं रे, तेवढं करून वेळ पुन्हा शून्यावर आली असती). आणि दुरुस्त सॉफ्टवेअर दाहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला. म्हणजे दुसऱ्या दिवशी.

दुरुस्ती लिहायला पाच दिवस आणि पोचवायला दहा. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर या दहा दिवसांत आहे. हात न लावलेलं सॉफ्टवेअर सुरक्षित राहत नाही, कारण भोवतालचं सगळं बदलतं, वापर बदलतो, शत्रू बदलतो. डेव्हसेकऑप्स म्हणजे दर आठवड्याला उगाच काहीतरी बदला असं नव्हे, ज्या दिवशी बदलायची वेळ येईल त्या दिवशी वाट तयार पाहिजे, एवढंच. बदल छोटा ठेवायचा, तो टाकला रे टाकला की टेस्ट आपोआप चालल्या पाहिजेत, त्यातल्या लायब्ऱ्या (बाहेरून घेतलेला तयार कोड) स्कॅन झाल्या पाहिजेत, तयार झालेल्या बिल्डवर डिजिटल सही पाहिजे आणि बिघडलंच तर मागे फिरता आलं पाहिजे. पेट्रियटमध्ये वेळेचं गणित आधी काही ठिकाणी सुधारलेलं होतं आणि काही ठिकाणी जुनंच राहिलं होतं, दोन्हींचा मेळ बसेना. असली अर्धवट दुरुस्ती माणसाच्या डोळ्यातून सुटते, म्हणून तर मशीनकडून तपासून घ्यायची.

सगळ्याला एकच माप मात्र लावू नकोस. उडत्या क्षेपणास्त्राचं फर्मवेअर (यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर) वेगळं आणि नियोजनाचं सॉफ्टवेअर वेगळं. कतारमधल्या अल उदेद तळावर अमेरिकन हवाई दल हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचं वेळापत्रक चक्क पांढऱ्या फळ्यावर मांडायचं, तेही २०१६ मध्ये. मोठं आधुनिकीकरणाचं कंत्राट वर्षानुवर्षं रेंगाळून २०१७ मध्ये रद्द झालं, आणि त्याच सुमाराला एका छोट्या टीमने वापरणाऱ्यांच्या शेजारी बसून चारेक महिन्यांत फळ्याच्या जागी चालणारं टूल दिलं. त्यातूनच बोस्टनला केसल रन ही हवाई दलाची स्वतःची सॉफ्टवेअर फॅक्टरी उभी राहिली. तिथला मोठा अडथळा कोड नव्हताच म्हणे, परवानगी होती. प्रत्येक रिलीजला सुरक्षेची फाईल, त्यावर सह्या. आता २०२२ पासून पेंटागॉनने सतत परवानगीची पद्धत मान्य केलीये, म्हणजे प्रत्येक वेळी फाईल तपासत बसण्यापेक्षा ज्या पाइपलाइनमधून कोड जातो ती तपासा आणि तिच्यावर रोज नजर ठेवा.

प्रश्न: मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, सिग्नलला होतो. आमच्या वेळी महत्त्वाची यंत्रणा इंटरनेटला जोडायचीच नाही हा नियम होता. तो पाळला तर हॅकर आत येणार कुठून? आता हे झिरो ट्रस्ट काय काढलंय, आपल्याच जवानावर विश्वास नाही?
(सातारा जिल्हा)

उत्तर: सुभेदार साहेब, नमस्कार. नियम चुकीचा नाही, अपुरा आहे. २००८ साली अमेरिकेच्या मध्यपूर्वेतल्या एका तळावर कुणीतरी पेन ड्राइव्ह लावला, त्यातून किडा (आपोआप पसरणारा व्हायरस) आत शिरला तो थेट गोपनीय नेटवर्कपर्यंत. साफ करायला १४ महिने लागले, पेन ड्राइव्हवर सरसकट बंदी आली. २०१० मध्ये उघड झालेला स्टक्सनेट नावाचा किडाही तसाच, इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातली तो बिघडवत होता ती सेंट्रिफ्यूजं कुठे इंटरनेटवर होती? तार नसली तरी माणसं ये-जा करतात, दुरुस्तीवाला लॅपटॉप घेऊन येतो, अपडेट सीडीवर येतं.

उलट तार नाही म्हटलं की आतला बंदोबस्त ढिला पडतो असं माझं मत आहे. अमेरिकेच्या लेखापरीक्षकांचा, म्हणजे जीएओचा, २०१८ चा शस्त्रप्रणालींवरचा अहवाल आहे, त्यात तपासणाऱ्या टीमने एका ठिकाणी ॲडमिनचा पासवर्ड ९ सेकंदांत ओळखला. काही ठिकाणी कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदललेलाच नव्हता. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की एका प्रणालीत आधीच्या तपासणीत सापडलेल्या २० भोकांपैकी बुजवलं होतं फक्त १. वरच्या मुलाला सांगितलेलीच गोष्ट बघा, माहीत होतं पण दुरुस्ती पोचली नाही.

झिरो ट्रस्टचं म्हणाल तर ते तुम्ही आयुष्यभर केलंय. रात्री संतरी ड्युटीवर असताना ओळखीच्या चालीचा माणूस आला तरी "थम, कौन आता है" विचारायचंच ना? त्यात अपमान कुणाचा नव्हता. कॉम्प्युटरमध्ये आजवर एकदा मेन गेटवर विचारलं की आत सगळीकडे मोकळं रान होतं. आता प्रत्येक दारावर विचारायचं, माणसाला पण आणि त्याच्या मशीनला पण, आणि कामापुरतंच दार उघडायचं. पेंटागॉनने नोव्हेंबर २०२२ मध्ये हे धोरण जाहीर केलं, २०२७ या आर्थिक वर्षापर्यंत पहिला टप्पा गाठायचाय.

प्रश्न: माझं भोसरीत मशिन शॉप आहे, १४ माणसं. अमेरिकन गिऱ्हाईकाकडून डिफेन्सच्या पार्टचं काम येतंय, त्यांनी सीएमएमसी आहे का विचारलं. आमच्याकडे ॲन्टिव्हायरस आहे. अजून काय लागतं?
(भोसरी)

उत्तर: दादा, अभिनंदन आधी. आणि आता थोडं टेन्शन.

सीएमएमसी ही अमेरिकन संरक्षणखात्याची सप्लायरसाठीची सायबर परीक्षा, १० नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कंत्राटांत टप्प्याटप्प्याने यायला लागली. तीन पातळ्या. गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न हाच विचारा की तुमची कुठली पातळी, आणि मला मिळणारं ड्रॉइंग नियंत्रित माहितीत (गोपनीय नाही, पण सरकारने जपायला सांगितलेली) मोडतं का. नुसती कंत्राटाची साधी माहिती असेल तर पहिली पातळी, १५ गोष्टी, दरवर्षी स्वतःच तपासून जाहीर करायच्या. ड्रॉइंग नियंत्रित असेल तर दुसरी, ११० गोष्टी. मार्किंग गमतीशीर आहे, ११० पासून सुरू करून चुकीगणिक १, ३ किंवा ५ वजा, त्यामुळे निकाल उणे २०३ पर्यंत जाऊ शकतो! ८८ मिळाले तर तात्पुरता पास, पण राहिलेलं १८० दिवसांत पूर्ण करायचं, आणि काही गोष्टी नंतरवर ढकलताच येत नाहीत.

तुमच्याकडे न येताच सांगते काय निघेल. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर सुपरवायझरला जातं, ऑफिसच्या कॉम्प्युटरला सगळ्यांचा एकच लॉगिन, आणि सीएनसी मशीनला जोडलेला तो जुना विंडोजचा डबा, ज्यात पेन ड्राइव्हने प्रोग्रॅम टाकतात. पहिल्या दोन गोष्टी या आठवड्यात बंद करा, पैसे लागत नाहीत. प्रत्येकाला वेगळा लॉगिन, मेलला ओटीपी किंवा ऑथेंटिकेटर, ड्रॉइंग एकाच फोल्डरमध्ये आणि ज्याला लागतं त्यालाच. डबा बदलणं परवडत नसेल तर त्याचं नेटवर्क तरी वेगळं करा. अजून एक, घोटाळा झालाच तर अशा कंत्राटात ७२ तासांत कळवावं लागतं, आणि आपल्या सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ चा नियम तर ६ तासांचा आहे, लॉग पण १८० दिवस ठेवायचे. "सर्टिफिकेट आठ दिवसांत" म्हणणारे एजंट येतील. चहा पाजा आणि पाठवून द्या.

प्रश्न: संरक्षण मंत्रालयाने विंडोज काढून माया ओएस आणली असं वाचलं. ती उबंटूवर आहे म्हणे. सगळ्यांना दिसणारा कोड सैन्यात कसा चालतो?
(पणजी)

उत्तर: कोड दिसणं ही अडचण नाही, त्यात कोण काय घालतंय याकडे बघायला कुणी नसणं ही अडचण. मार्च २०२४ चं एक्सझेड (xz) प्रकरण बघा, कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, मदत करून विश्वास मिळवला आणि मग जगभरच्या लिनक्समध्ये जाणाऱ्या छोट्याशा लायब्ररीत चोरदरवाजा घातला. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनीअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय ते खटकलं. बंद कोड असता तर तो खटकून तरी काय करणार होता?

म्हणून आता एसबॉमचा आग्रह आहे. बाकरवडीच्या पाकिटावर घटक छापलेले असतात ना, तशी सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे त्याची यादी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे (Log4j) या लायब्ररीची भानगड निघाली तेव्हा कित्येकांना आपल्याकडे ते आहे की नाही हेच माहीत नव्हतं, आधी शोधण्यातच दिवस गेले. सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात.

प्रश्न: मॅम मी बारावीला आहे, एथिकल हॅकिंगचा कोर्स केला. एका सरकारी डिफेन्स साइटवर बग दिसतोय असं वाटतंय. अजून खोल जाऊन प्रूफ काढू का?
(नाव-गाव नको म्हणाला)

उत्तर: थांब. टॅब बंद कर.

पेंटागॉनने २०१६ मध्ये लोकांना बोलावून बग शोधायला लावले, १३८ खरे निघाले, बक्षिसंही दिली, पण तिथे नावनोंदणी होती, कुठल्या साइट तपासायच्या ते लेखी होतं. तुझ्याकडे असं काहीच नाहीये. परवानगीशिवाय आत शिरणं आयटी कायद्याच्या ६६ व्या कलमात बसू शकतं आणि यंत्रणा ७० व्या कलमाखाली संरक्षित घोषित असेल तर शिक्षा १० वर्षांपर्यंत आहे, "मी फक्त बघत होतो" हे कुणी ऐकून घेत नाही. जेवढं सहज दिसलं तेवढंच लिहून सर्ट-इनला मेल कर, घरच्यांना सांगून. आणि हो, स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर टाकला असशील तर आधी तो डिलीट कर.