‘डोमेनचं वेबसाइटवाले बघतील’ : शाळेच्या मेलबद्दल विचारणाऱ्या ताईंना

ताई, तुमचा प्रश्न वाचला. अकराशे मुलं, चाळीसेक शिक्षक, ‘तुम्ही कॉम्प्युटरच्या ना, मग तुम्हीच बघा’ म्हणून मुख्याध्यापकांनी गळ्यात मारलेलं शाळेच्या मेलचं काम. आयडी कसे ठेवायचे, ग्रुप किती करायचे, पालकांचं व्हॉट्सॲप बंद करता येईल का, हे सगळं तुम्ही नीट विचारलंय. आणि मध्येच जाता जाता एक ओळ आहे: ‘डोमेनचं वेबसाइटवाले करून देणार आहेत, तो प्रश्न नाही.’ डोमेन म्हणजे शाळेचं इंटरनेटवरचं नाव, मेलच्या पत्त्यात @ च्या पुढे येतं ते. माझ्या मते प्रश्न तेवढाच आहे. बाकीचं काही चुकलं तर पुढच्या जूनमध्ये निस्तरता येतं.

आधी सांगून ठेवतो, मी या क्षेत्रातला माणूस नाही. अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि मेलची जबाबदारी माझ्याकडे आली ती अजून कोणी परत घेतलेली नाही. आमच्याकडे मेलसाठी गूगल आहे. मायक्रोसॉफ्ट वापरणाऱ्यांनी बटणांची नावं आपापली समजून घ्यावीत. शैक्षणिक खात्यासाठी अर्ज, खात्यांच्या यादीची सीएसव्ही फाइल चढवणं वगैरे लिहीत नाही, ते तुम्हाला येतंच.

आमच्या संस्थेची वेबसाइट फार पूर्वी जवळच्या शहरातल्या एका कंपनीने केली होती. नाव लिहीत नाही, कारण अशा कंपन्या जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. डोमेन त्यांनीच घेतलं, त्यांच्याच खात्यात, त्यांच्याच ईमेलवर. दरवर्षी ‘वेबसाइट देखभाल’ अशा एका ओळीचं बिल यायचं, क्लार्कबाई ते मंजुरीला ठेवायच्या, चेक जायचा. त्या ओळीच्या पोटात डोमेन आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. मग एका वर्षी बिल भरमसाट वाढून आलं. संस्थेने खुलासा मागितला, पत्रापत्री सुरू झाली आणि त्या घोळात डोमेनची मुदत संपली. मुदतीच्या सूचना कंपनीच्या ईमेलवर येत असणारच. आमच्यापर्यंत त्यातली एकही आली नाही.

खरी मेख पुढेच आहे. डोमेन संपलं म्हणून गूगलचं लॉगिन बंद पडत नाही. शिक्षक रोजच्यासारखे आत जात होते, क्लासरूम चालू, ड्राइव्ह चालू. आपापसातले मेलसुद्धा पोचत होते, कारण एकाच शाळेच्या दोन खात्यांमधला मेल गूगलच्या घरातल्या घरात फिरतो, त्याला बाहेरच्या एमएक्स रेकॉर्डशी (डोमेनचा मेल कुठे पोचवायचा हे सांगणाऱ्या नोंदीशी) देणंघेणं नसतं. बंद झालं होतं ते बाहेरून येणारं. आणि न आलेला मेल कोणाला दिसणार? दहावीच्या फॉर्मच्या गडबडीत मेल कमी आले तर शिक्षक चौकशी करत नाही, सुटलो म्हणतो. शेवटी एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं. त्याच्या नोकरीच्या ठिकाणाहून दाखल्याच्या पडताळणीसाठी पाठवलेला मेल परत गेला होता आणि तो बिचारा रजा टाकून शाळेत आला.

कंपनीला फोन केला तर ‘अकाउंट्सशी बोला’. अकाउंट्सवाले म्हणाले, आधी बाकी भरा, मग टेक्निकलवाले बघतील. टेक्निकलवाले जेवायला गेलेले. ते जेवण काही दिवस चाललं. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे, थेट विचारलं, तर उत्तर सभ्य होतं: खातं ज्याच्या नावावर त्याच्याशीच आम्ही बोलतो, तुम्ही आमचे ग्राहक नाही. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात डोमेन रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे मुदत संपलेलं नाव सोडवून घेण्याच्या शेवटच्या काळात, गेलं. नेहमीच्या डोमेनना हा काळ ३० दिवसांचा असतो, त्यात फक्त जुन्या मालकालाच, नूतनीकरणापेक्षा बराच जास्त आकार भरून, नाव सोडवता येतं. नंतर ते कोणीही घेऊ शकतं. शाळेचं नाव असलेल्या पत्त्यावर उद्या जुगाराची जाहिरात दिसली तर पालकांना काय सांगणार?

शेवटी कामी आलं ते फायलीच्या तळाशी सापडलेलं पहिल्या वर्षाचं बिल. त्यात ‘डोमेन नोंदणी’ अशी वेगळी ओळ होती आणि पुढे संस्थेचं नाव. त्याची प्रत जोडून संस्थेच्या वकिलांच्या लेटरहेडवर रजिस्टर्ड पोस्टाने पत्र गेलं, तेव्हा टेक्निकलवाले जेवण आटोपून आले. थकबाकी, रिडेम्प्शनचा आकार आणि वर ‘ट्रान्सफर चार्जेस’ नावाचं काहीतरी, सगळं संस्थेनेच भरलं. मधल्या काळात परत गेलेले मेल परत गेलेच. किती आणि कोणाचे, हे कळायला मार्ग नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, आयडी कसे ठेवायचे याची चर्चा आठवडाभर पुढे ढकला. आधी वेबसाइटवाल्यांना लेखी विचारा की डोमेन कोणाच्या नावावर घेणार आणि रजिस्ट्रारच्या खात्याचं लॉगिन कोणाकडे राहणार. ‘सर, तुम्हाला कशाला ताप, आम्ही आहोत ना’ असं उत्तर आलं तर तो नकार समजा. डोमेन शाळेने स्वतःच्या खात्यातून घ्यायचं. वेबसाइटवाल्यांना लागतील ते डीएनएस रेकॉर्ड (डोमेनच्या तांत्रिक नोंदी) तुम्ही टाकून द्या किंवा त्यांना मर्यादित प्रवेश द्या. त्यांनी आधीच घेऊन ठेवलं असेल तर भांडण नसताना, बिलं वेळेवर भरली जात असताना मागून घ्या. त्याच रजिस्ट्रारकडे शाळेचं खातं उघडून तिथे ‘पुश’ करायला (डोमेन त्या खात्यात हलवायला) सांगा, ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर करण्यापेक्षा सोपं पडतं. मुदत संपायच्या तोंडावर मात्र ट्रान्सफर काढू नका.

नव्यानेच घेत असाल तर माझं स्पष्ट मत: डॉट इडीयू डॉट इनने (.edu.in) संपणारं नाव घ्या. ही नावं फक्त अर्नेट इंडिया या केंद्र सरकारच्या संस्थेकडून मिळतात आणि अर्ज संस्थेच्या कागदपत्रांवर करावा लागतो, त्यामुळे ऐऱ्यागैऱ्याला ते स्वतःच्या नावावर घेऊन बसता येत नाही. कागद जास्त लागतात, वेळ जातो, क्लार्क कुरकुरतात. जाऊ दे. पाच वर्षांचे पैसे एकदम भरता येत असतील तर भरा आणि संपण्याची तारीख कार्यालयातल्या फळ्यावर, ऑडिटच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.

आता याच्याच पोटातली दुसरी गोष्ट, जिच्याकडे कोणी बघत नाही. रजिस्ट्रारच्या खात्याला आणि गूगलच्या सुपर ॲडमिनला (सगळे अधिकार असलेल्या खात्याला) रिकव्हरीसाठी कुठला ईमेल आणि कुठला मोबाइल दिलाय? शाळेच्याच डोमेनवरचा ईमेल दिला असेल तर ज्या दिवशी डोमेन बंद पडेल त्या दिवशी पासवर्ड बदलण्याचा दुवाही त्या बंद पत्त्यावरच जाणार. बाहेरचा, वेगळा पत्ता द्या. मोबाइलचं तर विचारूच नका. आपल्याकडे प्रत्येक पोर्टलचा ओटीपी मुख्याध्यापकांच्या खासगी नंबरवर जातो. मुख्याध्यापक अठ्ठावन्नला निवृत्त होतात, गावी जातात, आणि पुढच्या मुख्याध्यापकांना ‘सर, एक ओटीपी आला असेल बघा’ म्हणून फोन करत राहावं लागतं. सर देवदर्शनाला गेले की शाळेचं काम ठप्प. संस्थेच्या नावावर एक सिम घ्या, साधा फोन घ्या, कार्यालयाच्या कपाटात ठेवा आणि रिचार्ज चुकवू नका. सिम महिनोन्‌महिने नुसतं पडून राहिलं तर नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. मग तुमचे ओटीपी अनोळखी माणसाकडे.

सुपर ॲडमिन दोन ठेवा. एक तुम्ही, एक संस्थेने ठरवलेलं दुसरं कोणी. रोजच्या मेलसाठी ही खाती वापरू नका, त्यासाठी तुमचं साधं शिक्षकाचं खातं आहे. टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू करा आणि गूगल जे दहा बॅकअप कोड देतं ते छापून, पाकीट सीलबंद करून, जनरल रजिस्टरच्या कपाटात ठेवा. ते कपाट आगीतही वाचवतात. या गोष्टी ज्याच्याकडे आहेत तो बदलून गेला तर चार्ज सोपवण्याच्या यादीत ‘डोमेन, सिम, पाकीट’ अशी ओळ आली पाहिजे. डेडस्टॉकच्या (मालमत्तेच्या नोंदीतल्या) खुर्च्या मोजून घेतात तर हे का नको?

आता आयडी. मुलांच्या आयडीत इयत्ता आणि तुकडी घालू नका, दरवर्षी बदलत बसाल. नावही एकटं पुरत नाही. एका वर्गात तीन ओंकार जाधव असतात, आणि ज्ञानेश्वरचं रोमन स्पेलिंग आधारवर एक, शाळेत दुसरं आणि आईच्या मते तिसरं. जनरल रजिस्टरचा नंबर वापरा. तो प्रवेशाला मिळतो आणि दाखल्यापर्यंत तोच राहतो. इयत्तेसाठी ऑर्गनायझेशनल युनिट (गूगलमधला खात्यांचा गट) करा, मुलं वर गेली की युनिट बदला, आयडीला हात लावायचा नाही. तिथेच वयाची सेटिंग असते, मुलं १८ वर्षांखालील म्हणून लावा.

आठवीखालच्या मुलांना जीमेल देऊच नये असं माझं मत आहे. खातं द्या, क्लासरूम वापरू द्या, जीमेल बंद ठेवा. पाचवीच्या पोराला कोण मेल पाठवणार आहे? वरच्या वर्गांना दिलं तरी शाळेबाहेर मेल जाणार-येणार नाही असं बंधन घाला, आणि डिरेक्टरीत सगळ्यांना सगळ्यांची नावं दिसू देऊ नका. काही शिक्षक म्हणतील स्पर्धा परीक्षांच्या नोंदणीला बाहेरचा मेल लागतो. त्यासाठी पालकांचा मेल असतो. यावर वाद होईल, होऊ दे.

‘मुख्याध्यापक’, ‘कार्यालय’, ‘परीक्षा विभाग’ हे पत्ते माणसाची खाती म्हणून काढू नका, ग्रुप म्हणून काढा आणि त्यात त्या त्या वेळची माणसं घाला. माणूस बदलला की फक्त सदस्य बदलायचा. ‘सर्व शिक्षक’ या ग्रुपवर पाठवण्याची परवानगी मुख्याध्यापक आणि कार्यालयालाच ठेवा, नाहीतर एका वाढदिवसाच्या मेलला चाळीस ‘रिप्लाय ऑल’ येतात आणि त्यात बोर्डाचं पत्र बुडतं.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच शाळेकडून आला हे पटवणाऱ्या डोमेनच्या नोंदी, तिन्ही लावा. एवढंच सांगतो की एसपीएफचा रेकॉर्ड एका डोमेनला एकच असावा लागतो. वेबसाइटवाले त्यांच्या संपर्क-फॉर्मसाठी दुसरा टाकून ठेवतात आणि मग दोन्ही निकामी होतात, मेल स्पॅममध्ये जायला लागतात. तुमचे मेल शिक्षण कार्यालयात ‘मिळालेच नाहीत’ असं ऐकू येत असेल तर आधी हे बघा. कार्यालयाने वाचलेच नसतील ही शक्यता अर्थात राहतेच. मग ॲडमिनच्या ईमेल लॉग सर्चमधून पोचल्याची नोंद काढून ठेवा, बैठकीत उपयोगी पडते.

पालकांचं व्हॉट्सॲप बंद होणार नाही, त्या नादाला लागू नका. पालक मेल वाचत नाहीत. घरात एक फोन, तोही वडिलांबरोबर कामावर. पण व्यवस्था बदला. हल्ली वर्गशिक्षकांच्या खासगी नंबरवरून ग्रुप असतात, त्यात प्रत्येक आईचा नंबर साठ जणांना दिसतो, आणि शिक्षक बदलून गेले तरी ॲडमिन तेच. त्याऐवजी कपाटातल्या त्या संस्थेच्या सिमवर (त्यासाठी मग साधा फोन चालणार नाही, जुना स्मार्टफोन लागेल) व्हॉट्सॲप बिझनेस चालू करा आणि कम्युनिटी काढा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि लिहिता फक्त ॲडमिनला येतं. फीच्या, निकालाच्या, सहलीच्या महत्त्वाच्या सूचना मात्र आधी मेलवर पीडीएफ म्हणून जाऊ द्या, जावक क्रमांकासह, आणि तीच पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाका. नुसत्या व्हॉट्सॲपवरच्या सूचनेला नंतर कोणी वाली नसतो. रात्री नऊनंतर काही पाठवायचं नाही, असं आमच्याकडे स्टाफ मीटिंगच्या इतिवृत्तात नोंदवून घेतलंय. पाळतात सगळे असं नाही.

मूल शाळा सोडतं तेव्हा दाखला देण्याच्या यादीत मेलचं खातंही घाला. आधी सस्पेंड करा, लगेच डिलीट नको. डिलीट केलेलं खातं २० दिवसांपर्यंतच परत आणता येतं. शिक्षक निवृत्त झाले तर त्यांच्या ड्राइव्हमधल्या फायली आधी दुसऱ्या खात्याकडे वळवा, नाहीतर सगळ्या प्रश्नपत्रिका त्यांच्याबरोबर जातील. साठा संपत नाही असं समजू नका, फुकटच्या शैक्षणिक आवृत्तीत पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी आहे आणि स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ फार खातात.

कायद्याचं मी अधिकाराने बोलू शकत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. शाळांना कुठे सवलत आहे, कुठे नाही, हे संस्थेच्या वकिलांना विचारा. आमच्याकडे सध्या प्रवेश अर्जात संमतीचा एक परिच्छेद घालून त्यावर पालकांची सही घेतो. तेवढं पुरेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.