युद्धाची कोरीव चित्रं घरात लावताना

पहिली गोष्ट, मोठी प्रत काढून घेऊ नका. फ्रेंच चित्रकार जाक कालोची १६३३ मधली युद्धाच्या हालअपेष्टांची १८ चित्रं, धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली, मुळात वीतभरही रुंद नाहीत. त्यातल्या एकात झाडाला लटकवलेली माणसं आहेत, ती नीट दिसायला नाक काचेजवळ न्यावं लागतं, आणि तिथेच ती काळजाला भिडतात. पोस्टरएवढी केली की रेषा फुटतात, नुसता भीषणपणा उरतो. मूळ आकारच ठेवा, भोवती चार बोटं कोरा माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट, सोडा, नजरेच्या उंचीवर लावा. न चमकणारी काच घ्या, उन्हाची भिंत टाळा. जेवणाच्या टेबलासमोर मात्र नकोच. माझी पॅसेजमध्ये आहेत. ज्याला थांबावंसं वाटतं तो थांबतो. स्पॅनिश चित्रकार गोयाची युद्धचित्रं घेतलीत तर चित्राखाली छापलेली ओळ कापू देऊ नका, अर्धं चित्र त्या ओळीत असतं. आणि घरातल्यांना आधी विचारा, विशेषतः लहान मुलं असतील तर.