हस्तलिखित पाठवण्याआधी

वेंगुर्ल्याहून पुण्या-मुंबईच्या छोट्या प्रकाशकाकडे कथासंग्रह पाठवताय, तर आधी त्याची पुस्तकसूची बघा. फक्त कविता छापणाऱ्याला कथा पाठवून उपयोग नाही.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमधून बदलून घेतला असेल तर 'ऱ्य' हमखास बिघडतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. एवढ्याशा चुकीने होडी दरीत जाते. असे शब्द शोधून एकेक तपासा. वर्ड फाइलसोबत पीडीएफही जोडा, म्हणजे तिकडे अक्षरं फुटली तरी मूळ रूप कळतं. मालवणी संवाद प्रमाण मराठीत 'सुधारू' नका. 'खय', 'गजाली' राहू द्यात, अनोळखी शब्दांचे अर्थ शेवटी द्या. मात्र एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहू नका, मुद्रितशोधक वैतागतो.

सोबतचं पत्र एका पानाचं: विषय, शब्दसंख्या, आधी कुठे छापून आलंय. (आईवडिलांचे आशीर्वाद अर्पणपत्रिकेत.) कागदी प्रत मागितली तर झेरॉक्स पाठवा, मूळ वही नाही, पावसात प्लास्टिकमध्ये गुंडाळून. दिवाळी अंक काढणाऱ्याला श्रावणानंतर उत्तरासाठी फोन करू नये.

होकार आला की करार नीट वाचा. हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षं धरतात. 'आधी पैसे भरा' म्हणाले तर प्रती किती, कागद कुठला, विकणार कोण, हे लेखी घ्या. आणि १६ पानांचा फॉर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं) असेल तर १६२ पानांतली २ कमी करा, नाहीतर अकराव्या फॉर्म्याचा खर्च येतो.