लिहिण्याच्या शंका: ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबू का?

प्रश्न: ताई, मी एमएससी पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. शाळा पूर्ण मराठी माध्यमाची. मुठा नदीच्या पाण्यावरचा प्रोजेक्ट रिपोर्ट इंग्लिशमध्ये लिहिला, ग्रामरली या इंग्लिश तपासणाऱ्या टूलमध्ये टाकला तर पानभर लाल रेषा! मी सगळ्या सूचना ॲक्सेप्ट केल्या. आता सर म्हणतात की रिझल्टचा अर्थच बदललाय आणि भाषा तुझी वाटत नाही. मग असली टूल्स वापरायचीच नाहीत का?

उत्तर: वापर गं, नक्की वापर. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला रात्री बारा वाजता इंग्लिश तपासून द्यायला कोण बसलंय? ज्यांच्या घरात इंग्लिश बोलतात त्यांना ही मदत आधीपासून फुकट मिळत आलीय, तुला आत्ता मिळतीये तर घे. फक्त ते ‘ॲक्सेप्ट ऑल’ सोड.

तुझ्या रिझल्टचं काय झालं असणार याचा मला अंदाज आहे. तू लिहिलं असशील की उन्हाळ्यात पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन ‘सिग्निफिकंटली’ कमी झाला, आणि टूलने सुचवलं ‘कन्सिडरेबली’. रोजच्या इंग्लिशमध्ये चालून जाईल, पण तुझ्या रिपोर्टमध्ये सिग्निफिकंट म्हणजे तू संख्याशास्त्राची टेस्ट लावलीस आणि पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली (म्हणजे खरा फरक नसताना एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी), आणि कन्सिडरेबल म्हणजे फरक भरपूर मोठा आहे, जे तुझ्या टेस्टने सांगितलेलंच नाहीये. टूलला तुझी टेस्ट माहीत नसते, ढीगभर लेखनात सहसा कुठल्या शब्दाशेजारी काय येतं त्यावरून आणि काही ठरलेल्या नियमांवरून ते सुचवतं. म्हणून विषयातले शब्द, आकडे, युनिट्स, पॅरामीटरची नावं यांच्यावरची सूचना आली की आधी पुस्तक उघडायचं. तसंच मेथड्समध्ये ‘सॅम्पल्स वेअर कलेक्टेड’ लिहिलं की ते पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) पॅसिव्ह म्हणून मागे लागतं, तिथे पॅसिव्ह चालतं, बिनधास्त ठेव.

आता जिथे त्याचं ऐकायचं ते सांगते. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ असलं काही नाही, त्यामुळे आपण ते एकतर गाळतो नाहीतर वाटेल तिथे लावतो. ‘जरी... तरी’ची सवय असल्यामुळे ‘ऑलदो’ लिहून पुढे ‘बट’ही लिहितो. ‘डिस्कस अबाउट’, ‘सिन्स टू इयर्स’, ‘वन ऑफ द स्टुडंट’ हे तर घरोघरी. कर्ता वाक्याच्या सुरुवातीला राहतो आणि क्रियापद तीन ओळी पुढे, मग एकवचन-अनेकवचन जुळत नाही. या चुका टूल बऱ्यापैकी पकडतं. तरी ‘द’ सांभाळून, कारण ‘अ सॅम्पल’ की ‘द सॅम्पल’ हे त्या सॅम्पलची ओळख वाचणाऱ्याला आधी करून दिलीय का यावर ठरतं, आणि ती तू मागच्या पानावर करून दिली असलीस तर टूलच्या ते लक्षात येईलच असं नाही.

माझ्या मते खरा फायदा दुरुस्तीत नाहीच, त्या सूचनेशेजारी जे कारण लिहून येतं त्यात आहे. लिहिताना टूल बंद ठेव, नाहीतर दर ओळीला अडखळशील. पूर्ण चॅप्टर झाला की चालू कर, कारण वाच, पटलं तर क्लिक न करता स्वतः टाइप कर. आणि एक वही ठेव ज्यात तुझ्या परत परत होणाऱ्या चुका तुझ्याच वाक्यांसकट लिहिशील, मग पुढच्या चॅप्टरला तीच चूक टूलच्या आधी तुला दिसायला लागेल आणि तेव्हा समज की जमतंय. अख्खं वाक्य नव्याने लिहून देणारी जी बटणं असतात ती मात्र वेगळी गोष्ट आहे, भाषा तुझी वाटत नाही असं सर म्हणाले ते बहुतेक त्यामुळेच, ती वापरायची की नाही हे त्यांनाच विचार. शिवाय गाईडचा न छापलेला डेटा असेल तर कुठल्याही ऑनलाइन टूलमध्ये पेस्ट करण्याआधी परवानगी घे. लँग्वेजटूल नावाच्या अशाच एका टूलचा मूळ भाग ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे डेटा बाहेर न पाठवता तो स्वतःच्या कॉम्प्युटरवरही चालवता येतो.

प्रश्न: मी कोथरूडला एका कॉलेजात इंग्लिश शिकवते. वर्गात साठच्या वर मुलं, सगळ्यांच्या चुका लाल पेनाने काढणं अशक्य आहे. हे काम टूलवर सोडलं तर चालेल का?

उत्तर: मॅडम, थोडं सोडा. लाल पेनाचा तरी किती उपयोग होतो यावर अभ्यासकांचं जुनं भांडण आहे. १९९६ साली जॉन ट्रस्कॉट यांनी लिहिलं की वर्गातली व्याकरण दुरुस्ती बंदच करावी, १९९९ मध्ये डेना फेरिस यांनी त्याला विरोध केला की नेमकी आणि स्पष्ट दुरुस्ती असेल तर फायदा होतो. मला फेरिस यांचं पटतं. स्वल्पविराम, स्पेलिंग, आर्टिकल टूलकडे जाऊ द्या आणि तुमचा वेळ मुद्दा सिद्ध झालाय का, परिच्छेद एकमेकांना धरून आहेत का यावर घाला, ते काम टूलला नीट जमत नाही. मुलांकडून पहिला ड्राफ्टही मागवा, आणि समासात लिहायला लावा की टूलच्या कुठल्या तीन सूचना नाकारल्या आणि का. साठ पेपरांचे समास वाचून होतात, आणि कोणाला काय कळलं नाहीये ते तिथेच दिसतं, पुढच्या तासाला नेमकं तेवढंच फळ्यावर घ्या.